कानवाल्यांची काळी कुळकुळीत शांतता

चष्म्याच्या दुकानात साठी गाठलेलं गिऱ्हाईक शिरलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "हल्ली पेपरची छपाई फार बिघडली आहे हो!"

कोणी म्हणणार शाई पातळ झाली, कोणी म्हणणार कागद हलका आला, कोणी म्हणणार औषधाच्या बाटलीवर मुद्दाम बारीक छापतात, म्हणजे माणसाने वाचू नये आणि मुकाट्याने प्यावं. सगळं जग बिघडलेलं असतं, फक्त यांचे डोळे तेवढे शाबूत. चष्मेवाले अशा माणसाला खुर्चीत बसवायचे, चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवायचे, एक काच टाकायचे, आणि हातात तोच सकाळचा पेपर द्यायचे. गिऱ्हाईक वाचायला लागलं की गोड आवाजात विचारायचे, "काय, सुधारली का छपाई?"

मग काहीतरी आणायचं निमित्त करून मागच्या खोलीत जायचे आणि खांदे गदगदेपर्यंत हसायचे. "अगं, आणखी एक छपाईवाला आला!" त्यांची बायको काउंटरवर बसून चष्म्याच्या काड्या गरम करून वाकवायची, नाकाशी बसवून द्यायची. ती हसायची नाही. म्हणायची, "गिऱ्हाईक आहे ते. हळू हसा."

चष्मेवाल्यांची आणखी एक खोड होती, ती चिकित्सक गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेली. असलं गिऱ्हाईक कुठल्याच काचेवर समाधानी नसतं. हिच्यात जरा धूसर, तिच्यात जरा तिरकं. मग चष्मेवाले फ्रेममधली काच काढायचे, बोटांत फिरवायचे, फुंकर मारायचे, आणि तीच काच परत जागेवर बसवायचे. "आता?" गिऱ्हाईक मान तिरकी करायचं. पुन्हा तीच काच बाहेर, तीच आत. "आणि आता?" म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा उजळायचा. "हां! आता कसं लख्ख! हे आधीच का नाही दाखवलंत?"

त्या दिवशी तर ते मागच्या खोलीत जमिनीवरच बसायचे हसत.

तर असा हा लोकांचे डोळे डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस. घरी मात्र त्याचं नाव वेगळं होतं. दुकानात चष्मेवाले, घरी कानवाले.

घरातली सगळ्यात मोठी खोली त्यांनी गाण्याच्या यंत्रांना देऊन टाकली होती. दोन्ही कोपऱ्यांत माणसाएवढे स्पीकर, मध्ये यंत्रांची मांडणी, समोर एकच खुर्ची. ती खुर्ची हलवायची नाही, जमिनीवर तिच्या पायांच्या खुणा केलेल्या. झाडू मारताना बायकोने ती चार बोटं सरकवली तर संध्याकाळी गर्जना व्हायची. "डावीकडचा आवाज आधी येतोय! कोणी हलवली?" बायको म्हणायची, "मीच हलवली. खुर्चीखाली कचरा होता, त्याचा आवाज येत नव्हता म्हणून तुम्हाला कळलं नाही."

रविवारी दुपारी यांचं मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे एक वकील, एक दातांचे डॉक्टर आणि स्वतः कानवाले. तिघेही डोळे मिटून बसायचे. कोर्टात डुलकी घेणं बरं दिसत नाही म्हणून वकील ती इथे घ्यायचे. डॉक्टरांना दिवसभर ड्रिलची घुरघुर ऐकून काहीही गोडच वाटायचं. सीडीची तबकडी संपली की दोघे कानवाल्यांच्या तोंडाकडे पाहायचे. ते "छान" म्हणाले तर छान. ते "जरा कोरडं वाटलं" म्हणाले तर दोघांच्याही घशाला कोरड पडायची आणि चहा मागवला जायचा.

एका रविवारी कानवाले म्हणाले, "झांजेवर साय आली आहे."

त्यांच्या आवडत्या तबकडीत शेवटी वादक झांजेवर ब्रश फिरवतो, वाळूवरून पदर ओढत न्यावा तसा आवाज येतो. पूर्वी तो अंगावर यायचा. आता तो जणू गोधडीआडून यायचा. मग लक्षात आलं, व्हायोलिनवरही साय आहे. बायकांच्या आवाजावर तर जाड थर.

"मशीन थकलं," कानवाल्यांनी निकाल दिला. "डॅक बदलायला हवा. आणि त्याला शोभेल असा प्रीअँप."

या दोन डब्यांची ओळख करून दिलेली बरी. हल्ली गाणं आकड्यांत साठवतात. ते आकडे गिळून पुन्हा गाणं बाहेर काढणारी डबी म्हणजे डॅक. आणि त्या नाजूक गाण्याचा हात धरून, आवाज हवा तेवढा लहानमोठा करून, त्याला मोठ्या अँप्लिफायरच्या दारापर्यंत पोचवणारी दुसरी डबी म्हणजे प्रीअँप. काम एवढंच. पण यावर वाद घालता घालता वकील आणि डॉक्टर एकदा महिनाभर बोलत नव्हते.

"मशीनला काही झालेलं नाही," बायको म्हणाली. "कान तपासून घ्या."

"कोणाचे?"

"शेजाऱ्यांचे! तुमचे. कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही. दाराची बेल ऐकू येत नाही. मी बोलते ते तर..."

"तू पुटपुटतेस."

"मी पुटपुटत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही."

"अगं, या कानांवर मंडळ चालतं!" कानवाले म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

पण खरी कळ दुसरीकडेच दुखत होती. मुलगी परगावी होती, तिला सहा वर्षांची लेक. घरातलं नाव चिमणी, आणि आवाजही तसाच, बारीक आणि भराभर. ती फोनवर बोलायला लागली की कानवाल्यांना नुसती चिवचिव ऐकू यायची. शब्द एक नाही. पण कानवाले कसे विचारतील "काय म्हणालीस?" म्हणून? ते म्हणायचे, "हो हो." ती पुढे बोलायची, हे म्हणायचे, "हो हो." अशा हो हो म्हणण्यातून त्यांनी एकदा तिला मांजर कबूल केलं होतं, आणि मुलीच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हाही दोष फोनचाच निघाला.

मग एक दिवस चिमणीने त्यांना शाळेतल्या गाण्याला बोलावलं. ती एकटी गाणार होती, सगळ्यांसमोर. बायको तेव्हा दुकानात होती. फोन कानवाल्यांनी घेतला. "आजोबा, याल ना? आजीला पण आणाल ना?" "हो हो." "पहिल्या रांगेत बसाल?" "हो हो." संध्याकाळी ती आल्यावर ते तिला म्हणाले, "चिमणी मजेत आहे. शाळेचं काहीतरी सांगत होती."

कोणी गेलं नाही. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या, ज्यांवर त्या पोरीने स्वतःचं दप्तर आणि पाण्याची बाटली ठेवून जागा धरली होती, त्या तशाच राहिल्या. त्यानंतर चिमणी फोनवर यायची बंद झाली. "आजोबा खोटं हो म्हणतात," असं तिने आईला सांगितलं, आणि आईने जसंच्या तसं आजीला.

मुलीने गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. बायकोने ते एकदा मोबाइलवर ऐकलं आणि तशीच बसून राहिली. कानवाल्यांनी ते मोठ्या यंत्रावर लावलं, खुणेच्या खुर्चीत बसून. त्यांना एक सूर ऐकू आला, साय धरलेला. शब्द कुठलाच नाही.

"बघ!" ते म्हणाले. "पोरीचं गाणंसुद्धा हे मशीन खाऊन टाकतंय. नवा डॅक आल्याशिवाय तिच्याशी काय बोलू? गाणं कसं झालं ते नीट ऐकल्याशिवाय सांगू कसं?"

म्हणजे नातीची समजूत काढायची, तर त्याआधी डबी बदलायची. एवढा सरळ रस्ता याच माणसाला सापडू शकतो.

यंत्रांचा विक्रेता आला. गुळगुळीत माणूस. बोलताना हाताच्या बोटांनी हवेत काहीतरी विणायचा. त्याच्या तोंडी आवाजाला रुंदी असायची, खोली असायची, ऊब असायची, त्वचा असायची. ऐकू येणं हे सोडून बाकी सगळी लक्षणं असायची. त्याने नव्या यंत्रांच्या दोन जोड्या आणल्या, एक रुपेरी, एक काळी.

"रुपेरी जोडी प्रामाणिक आहे," विक्रेता म्हणाला. "काळी जोडी क्षमाशील आहे."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मग काळीच घ्या. तिला या घरात काम पडेल." हे कानवाल्यांना ऐकू गेलं नाही.

ठरलं असं, की रविवारी मंडळासमोर परीक्षा घ्यायची. यंत्रांसमोर कपडे वाळत घालायचा घोडा उभा करून त्यावर चादर टाकायची, म्हणजे कुठलं यंत्र चालू आहे ते दिसायला नको. एका खटक्याची तीन घरं होती. पहिल्यावर जुनी जोडी, दुसऱ्यावर रुपेरी, तिसऱ्यावर काळी. प्रश्न एवढाच उरला, की चादरीमागे बसून खटका फिरवायचा कोणी? विक्रेता म्हणाला, "ज्याला यातलं काही कळत नाही असं कोणीतरी हवं."

सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

बायको पदराला हात पुसत आली. "मी काय करायचं?"

"काही नाही वहिनी," विक्रेता म्हणाला. "हे 'पुढचं' म्हणाले की खटका फिरवायचा. कुठल्याही क्रमाने. आणि नंतर सांगायचं."

"एवढंच? हे तर मी आयुष्यभर बघत आले आहे," ती म्हणाली आणि चादरीमागे स्टुलावर जाऊन बसली.

रविवारी दुपारी मंडळ डोळे मिटून बसलं. विक्रेताही डोळे मिटून बसला, धंद्याचा भाग म्हणून. आधी तबकडीतली झांज लावली. कानवाल्यांनी हात वर केला. "पुढचं."

चादरीमागे खट् असा आवाज झाला. "आता?" बायकोने विचारलं.

"हं. जरा मोकळं झालं. पण थंड आहे. ही रुपेरी असणार. पुढचं."

खट्. "आणि आता?"

कानवाल्यांच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. "आहाहा! गेली साय! झांज कशी समोर येऊन उभी राहिली! वकील, ऐकलंत?"

"उभी म्हणजे काय," वकील दचकून जागे होत म्हणाले, "बसतच नाही खाली."

"डॉक्टर?"

"कीड काढल्यासारखं वाटलं," डॉक्टर म्हणाले.

"मी म्हणालोच होतो," विक्रेता म्हणाला. खरं तर तो काहीच म्हणाला नव्हता.

"आता शेवटची परीक्षा," कानवाले म्हणाले. "याच जोडीवर चिमणीचं गाणं."

गाणं सुरू झालं. शाळेतली पेटी, मागे खोकणारे पालक, आणि त्या सगळ्यावर एक बारीक, सरळ आवाज. साधंच गाणं. पोरीने ते घाईघाईने पण शेवटपर्यंत म्हटलं. टाळ्या झाल्या, विरल्या. कानवाल्यांनी दोन्ही हात वर केले, जणू खोलीलाच थांबवलं.

"थांबा! आता ही शांतता ऐका. गाणं संपल्यावरची शांतता. यातच यंत्राची परीक्षा असते. जुन्या डॅकवर इथे खरखर होती. आणि आता बघा! काळी कुळकुळीत शांतता! टाचणी पडलेली ऐकू येईल!"

पण खोलीत शांतता नव्हती. ते बोलत असतानाच दोन्ही स्पीकरमधून, अगदी माइकजवळून, बारीक आवाजात कोणीतरी बोलत होतं. वकिलांनी डोळे उघडले आणि चपलांकडे पाहायला लागले. डॉक्टरांनी रिकामा कप उचलून त्यात निरखून पाहिलं. विक्रेत्याची बोटं हवेत विणता विणता थांबली.

"का? बोला ना!" कानवाले म्हणाले. "काळी की नाही?"

"काळीच," वकील कसेबसे म्हणाले.

"एकदम काळी," डॉक्टर म्हणाले.

तिघेही शिकलेले, कमावते, धडधाकट कानांचे पुरुष. एकाच्याही तोंडून खरं निघालं नाही. कानवाल्यांसारखे कान आपल्याला नाहीत, याची त्यांना इतक्या वर्षांची सवय होती, की ऐकू आलेलंही ऐकू आलं म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

चादर बाजूला झाली. बायको स्टुलावर तशीच बसली होती, हात मांडीवर.

"सांग बघू," कानवाले म्हणाले. "शेवटची काळी जोडी होती ना?"

"जुनी होती."

"शेवटची?"

"सगळ्याच. खटका मी फिरवलाच नाही. तोंडाने खट् केलं." तिने पुन्हा करून दाखवलं. जीभ टाळूला लावून, खट्. "तुमचीच पद्धत आहे. काच काढायची, तीच घालायची. आता? आणि आता? जमिनीवर बसून हसता ना तुम्ही?"

विक्रेता उठून वायरी गोळा करायला लागला. कानवाले लाल झाले. "हा चावटपणा झाला! माणसाची फसगत करायची म्हटली तर कोणाचीही करता येते! याने कानांचं काही सिद्ध होत नाही."

"नाही होत," बायको शांतपणे म्हणाली. "म्हणून दुसरं विचारते. गाणं संपल्यावर ती काय म्हणाली?"

"कोण?"

"चिमणी."

"शेवटी? शेवटी काही नाही. शेवटी शांतता आहे."

"वकीलसाहेब," बायको म्हणाली, "तुम्ही सांगा. रोज दुसऱ्यांना शपथ घ्यायला लावता ना?"

वकिलांनी घसा खाकरला. कानवाल्यांकडे न बघता, खिडकीशी बोलल्यासारखं, ते म्हणाले, "ती म्हणाली... आजोबा आलेच नाहीत ना?"

कानवाल्यांनी विक्रेत्याकडे पाहिलं. तो वायरीत तोंड खुपसून बसला होता. डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली, दात काढायलाच हवा असं सांगताना हलवतात तशी.

"पुन्हा लाव," कानवाले म्हणाले.

पुन्हा लावलं. ते खुणेच्या खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत गाणं चालू असताना ते पहिल्यांदाच तिच्यातून उठले. स्पीकरपाशी जाऊन त्याच्या जाळीला कान लावून उभे राहिले. टाळ्या आल्या, गेल्या. त्यांनी वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "म्हणून झालं तिचं?"

"झालं," बायको म्हणाली.

ते बराच वेळ जाळीला कान लावूनच उभे होते. मंडळ चहा न घेता पांगलं.

आता कोणी म्हणेल, माणूस सुधारला असेल. छे! कान तपासायला गेले ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून. काचेच्या खोलीत बसवून तपासणाऱ्या बाईंनी हातात बटण दिलं. "बीप ऐकू आला की दाबा, काका." दुकानात अक्षरांचा तक्ता पाठ करून येणाऱ्यांना पकडण्यात हयात गेलेला हा माणूस, इथे अंदाजाने ठेका धरून बटण दाबायला लागला. थोड्या वेळाने हेडफोनमध्ये बाईंचा आवाज आला. "काका, मी अजून मशीन सुरूच केलेलं नाही."

मग श्रवणयंत्रं दाखवायला आणली. कानामागे बसणारी, वालाच्या दाण्याएवढी. बाई समजावून सांगत होत्या, की आवाज आत जातो, त्याचे आकडे होतात, आकड्यांवर काम होतं, मग पुन्हा आवाज होऊन कानात पोचतो, आणि तुम्हाला हवा तेवढा लहानमोठा करता येतो. कानवाल्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे यात डॅक पण आहे आणि प्रीअँप पण?"

"असेल. बसवून बघा."

त्यांनी एक बसवलं. "जरा कोरडं आहे. यात ऊब असलेलं नाही का? आणि आवाजाचं स्टेज अरुंद वाटतंय."

"काका," बाई म्हणाल्या, "ऐकू येतंय का, तेवढं सांगा."

"येतंय," कानवाले बारीक आवाजात म्हणाले.

घरी येऊन ते दारातच थबकले. आतून कोणीतरी एकसारखं बोलत होतं. ते पावलं न वाजवता स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. बायको पातेलं घासता घासता बोलत होती. "...आता येतील आणि पुन्हा झांजा बडवत बसतील. झांजेवर साय म्हणे! डोक्यावर आली आहे साय..."

"मला ऐकू येतंय," ते म्हणाले.

बायकोच्या हातून पातेलं सुटलं. तो आवाज ऐकून कानवाले दोन्ही कान धरून खाली बसले. "बाई गं! हे एवढं वाजतं?"

"वाजतं," बायको म्हणाली. "आणि मी आता काय करू? इतकी वर्षं घरातल्या घरात बोलायची सोय होती. आता गच्चीवर जाऊन बोलावं लागेल."

पुढच्या रविवारी मंडळ आलं. कानवाल्यांनी टोपी कानांवर ओढून बसवली होती आणि मंडळाला गंभीरपणे सांगितलं, "नवा डॅक घेतला. प्रीअँपही." यंत्रं जुनीच, जागच्या जागी. कोणी विचारलं नाही, दाखवा म्हणून. तबकडी लागली. झांजेवर ब्रश फिरला. "वा!" वकील डोळे मिटूनच म्हणाले. "काय फरक आहे!" "जमीन अस्मानाचा," डॉक्टर म्हणाले. कानवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत हे दोघे आपल्याला काय काय हो हो म्हणाले असतील, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांना हसू येईना.

ते तबकडी तशीच चालू ठेवून उठले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन मुलीला फोन लावला. "चिमणीला दे."

"ती येत नाही म्हणते, बाबा."

"तिला म्हणावं, नुसतं ऐक. बोलू नकोस."

फोनमध्ये एक बारीक श्वास ऐकू आला. आजोबांना श्वास ऐकू आला! पण त्यांनी माफी मागितली नाही. कानवालेच ते. परीक्षकाच्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात तुला उचकी लागली होती."

मग, "तुम्ही ऐकली?"

"ऐकली. तुझं गाणं पुन्हा लावलं होतं. आणि शेवटी तू काय म्हणालीस तेही ऐकलं."

"मग आला का नाहीत?"

"तेव्हा तुझं बोलणं मला ऐकू आलं नव्हतं. एकही शब्द. मी उगाच हो म्हणालो."

"मांजराचं पण उगाच?"

"मांजराचं पण."

फोनवर विचार चालला होता. आतल्या खोलीतून वकिलांचा आवाज येत होता, "शांतता ऐका, शांतता!"

"आजोबा, उचकीचं कोणाला सांगू नका हं."

"हो हो."

"हो हो नाही! नीट म्हणा!"

"नाही सांगणार," कानवाले म्हणाले.